बफेलोतला पहिला हिवाळा: बर्फात गाडी घेऊन कामावर जायचं कसं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागते.

ऑगस्टमध्ये आम्ही बफेलोला आलो. मी मूळची सांगलीची. तिथं आधी अ‍ॅक्टिव्हा, मग ऑल्टो, अशी बारा वर्षं गाडी चालवली. २०१९च्या पुरात मांडीपर्यंत पाण्यातून अ‍ॅक्टिव्हा ढकलत घरी आणली होती. त्यामुळे गाडीला घाबरणाऱ्यांतली मी नाही, असा माझा समज होता. तो गेल्या मंगळवारी उतरला.

घर अ‍ॅमहर्स्टला, नोकरी डाउनटाउनमधल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. अंतर बारा मैल. शिफ्ट साडेसातची, त्याआधी साडेसहाला लेकीला पाळणाघरात सोडायचं. ती चार वर्षांची आहे. नवऱ्याचं काम टेक्सासला, तो दोन आठवड्यांतून एकदा येतो. म्हणजे गाडी मीच चालवायची.

मंगळवारी रात्रीतून जेमतेम दोन इंच बर्फ पडला होता. शेरिडन ड्राइव्हवर सिग्नल पिवळा झाला, मी ब्रेक दाबला. वेग पंचविसाच्या आसपास असेल. पायाखाली पेडल कर्रकर्र करत थरथरायला लागलं. मला वाटलं आत काहीतरी तुटलं, म्हणून घाबरून पाय उचलला. गाडी संथपणे, अगदी बैलगाडीच्या चालीनं, लाल दिवा ओलांडून चौकात जाऊन उभी राहिली. एका पिकअपवाल्यानं हॉर्न दाबून धरला. मागून लेक म्हणाली, "आई, आपण लालमध्ये आलो."

कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून रात्री झोपताना खिडकीतून दिव्याखाली बर्फ पडतोय का ते बघते, आणि पडत असला की पोटात गोळा येतो. सुपरवायझरला सांगितलं तर म्हणाली, इथं सगळेच असे येतात. दवाखाना बंद नसतो हे मलाही कळतं हो.

गाडी सेकंडहँड सेडान आहे, पुढची चाकं ओढणारी, टायर ऑल सीझन. ती विकून फोर व्हील ड्राइव्ह घ्यावी का? हे दोन इंचांत झालं, दोन फुटांत काय होईल? आणि सकाळी काच साफ करायची काही युक्ती? काल वायपरचं पाणी मारलं तर पुसायच्या आत अख्खी काच पांढरी झाली. टाकीत मी नळाचं पाणी आणि भांड्यांचा साबण घातला होता, सांगलीच्या सवयीनं.

आळशी_अस्वल

पाणी आणि साबण. 😂 ताई, रागावू नका, मी पहिल्या वर्षी काचेवर चहाच्या पातेल्यातलं गरम पाणी ओतलं होतं. काच तडकली. चारशे डॉलरचा चहा.

निळं वॉशर घ्या, डब्यावर उणे २० फॅरनहाइट लिहिलेलं असतं. जुनं पाणी पूर्ण संपवून मगच भरा, नाहीतर मिसळून पातळ होतं आणि पुन्हा तेच.

आंबाघाट

कृष्णाकाठताई, मी २०१३पासून इथं आहे, आधी अ‍ॅमहर्स्ट आणि आता ऑर्चर्ड पार्क. सवडीनं लिहितो.

आधी पेडलचं. ते काही तुटलेलं नव्हतं, ते एबीएस होतं. चाक घसरायला लागलं की यंत्रणा स्वतःच ब्रेक सेकंदाला कितीतरी वेळा सोडते आणि धरते, त्याचीच ती थरथर. अशा वेळी पाय अजिबात उचलायचा नाही. दाबून धरायचा आणि गाडी जिकडं न्यायची तिकडं स्टिअरिंग ठेवायचं. तुम्ही पाय उचलला म्हणजे थांबत असलेली गाडी तुम्हीच सोडून दिलीत. पहिल्या हिवाळ्यात बहुतेकांचं हेच होतं, कारण कुणी आधी सांगतच नाही की ब्रेक असा ओरडतो.

म्हणून पहिलं काम हे करा. रविवारी सकाळी पाच-सहा इंच बर्फ पडलेलं, अजून प्लाऊ (बर्फ ढकलणारी गाडी) न फिरलेलं मोठं पार्किंग शोधा. दिव्याचे खांब नसलेला कोपरा बघा. वीसच्या वेगात मुद्दाम करकचून ब्रेक मारा. पेडल ओरडेल, ओरडू दे. दहादा करा. मग स्टिअरिंग झटकन वळवून मागची बाजू घसरू द्या, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा आणि नजर जिकडं जायचंय तिकडं ठेवा. ज्या खांबाकडं बघाल त्याच खांबावर गाडी जाते, ही गंमत नाही. अर्ध्या तासात तुमचा पाय शिकतो. डोकं शिकायला वेळ लागतो, पाय लवकर शिकतो.

फोर व्हील ड्राइव्ह घेऊ नका. म्हणजे पैसे असतील तर घ्या, पण ती भीती घालवणार नाही. चारही चाकांनी ओढल्यानं गाडी चांगली निघते. थांबताना मात्र सगळ्याच गाड्यांना चार चाकांचे ब्रेक असतात, त्यात त्या गाडीला काही जास्त नसतं. दर वर्षी पहिल्या मोठ्या बर्फात थ्रूवेच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हायवेच्या, कडेच्या खड्ड्यात बघा, त्यात भल्यामोठ्या एसयूव्ही असतात, कारण त्यांना वाटलेलं असतं आपल्याला काय होतंय. तेच पैसे चार विंटर टायरांना घाला. दोन नव्हे, चार.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, मलकापूर डेपोला. कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाटातून. ते म्हणायचे, ज्या गिअरात घाट चढतोस त्याच गिअरात उतर, ब्रेकवर उतरशील तर खाली पोचायच्या आधी ब्रेक संपलेला असेल. पावसाळ्यात धुकं असलं की पुढची गाडी दिसायच्या आधी ती असणारच असं धरून चालवायचे. मी इथं बर्फात शिकलो त्यातलं निम्मं हेच आहे. उतारावर गिअरचा लिव्हर 'एल' किंवा '२'वर घ्या, इंजिनलाच गाडी धरू द्या. सिग्नल दिसला की दोनशे फूट आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडा, म्हणजे ब्रेकची वेळ येईपर्यंत गाडी जवळजवळ थांबलेली असते. अंतर असं मोजा: पुढची गाडी एखाद्या पाटीजवळून गेली की एक, दोन म्हणायला लागा. आठच्या आधी तुम्ही त्या पाटीशी पोचलात तर फार जवळ आहात. मध्ये कुणीतरी घुसेलच. घुसू दे, पुन्हा मोजा. क्रूझ कंट्रोल बर्फात कधीही नाही.

दिसणारा बर्फ एवढा वाईट नसतो, न दिसणारा वाईट. ब्लॅक आइस म्हणतात तो काळा नसतो, पारदर्शक असतो, खालचा डांबर दिसतो इतकंच. ओळखायची माझी खूण सांगतो. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाहीये? मग ते पाणी नाही. दुसरी खूण आवाजाची. टायरची घरघर एकदम बंद होऊन गाडी गुळगुळीत चालायला लागली की पाय हळूच काढा आणि काहीही करू नका. तुमच्या रस्त्यावर ३३ नंबरच्या एक्स्प्रेसवेवरचे पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो.

आदल्या दिवशी कोरड्या रस्त्यावर पांढऱ्या समांतर रेषा दिसतात ना, कुणी रांगोळीचा कणा ओढत गेल्यासारख्या? ते मिठाचं पाणी. ते दिसलं की समजा, उद्या काहीतरी येतंय. पण मिठावर फार विसंबू नका. साधारण १५ फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे उणे ९ सेल्सियसच्या खाली गेलं की साधं मीठ जवळजवळ कामच करत नाही. जानेवारीतल्या कडाक्याच्या सकाळी रस्ता मीठ टाकलेला दिसतो आणि तरी घसरतो, त्याचं कारण हे.

दोन फुटांचं उद्या लिहितो. तो वेगळाच विषय आहे आणि आता बायको जेवायला हाका मारतेय.

मॉन्ट्रियालची_माई

टायरबद्दल +१०००. आमच्याकडे क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानंच सक्तीचे आहेत, नसले तर दंड. त्यामुळे ऑक्टोबर संपता संपता गॅरेजच्या वेळा मिळत नाहीत, आपल्याकडे दिवाळीत शिंप्याकडे मिळत नाही तशा.

ऑल सीझन हे नाव फसवं आहे हो. ७ सेल्सियसच्या खाली त्याचं रबर कडक होतं आणि रस्ता धरत नाही. विंटर टायरचं रबर मऊ राहतं. त्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं, ते बघून घ्या. नुसतं 'एम अधिक एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलंय म्हणून दुकानदार गळ्यात मारतात, ते नको. जमलं तर वेगळ्या रिमवर बसवून घ्या, म्हणजे दर वेळी टायर काढ-घाल करायला नको. हवाही तपासत राहा, तापमान १० फॅरनहाइटनं उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होते.

आणि लेकीचं एक, हे कुणी सांगणार नाही म्हणून. जाड फुगीर जॅकेट घालून तिला कारसीटमध्ये बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढायचं, पट्टा बांधायचा, वरून गोधडी किंवा तेच जॅकेट उलटं पांघरायचं. माझा मुलगा रोज त्यावरून भांडायचा. आजीनं पाठवलेली गोधडी दिल्यावर गप्प झाला.

तीनटनी

नातू टाइप करतोय, मी सांगतोय. रिटायर हवालदार, मिलिटरी ड्रायव्हर, गाव सातारा जिल्हा. द्रास, कारगिल केलंय, शक्तिमान ट्रक चालवलाय.

पोरी, तुझी भीती चांगली आहे. ज्याला झोजिला खिंडीत भीती वाटत नव्हती त्याला उस्ताद गाडी देत नव्हता.

आमचा कॉन्व्हॉय अंधारात निघायचा, ऊन चढायच्या आत झोजिला पार. ऊन लागलं की वरचा बर्फ सुटतो. चाकाला चेन लावून, पुढच्या गाडीच्या चाकोरीतनं, एका चालीनं. मध्येच रेस नाही, मध्येच ब्रेक नाही. बर्फात जे काय करायचं ते एका वेळी एकच करायचं. ब्रेक तर ब्रेक, वळण तर वळण. दोन्ही एकदम केलं की गाडी ऐकत नाही.

डिझेल घट्ट व्हायचं तवा रात्रीत उठून उठून इंजिन चालू करायचो. तुझ्या गाडीला ते नको, पण टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नको. अडकलीस तर हीटर त्याच्यावरच चालणार. हातमोजे न घालता फावड्याला, लोखंडाला हात लावू नको, कातडी चिकटते. माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांची चिकटली होती, अजून थंडीत कळ येते. (आजोबा बोटं दाखवत आहेत. — नातू)

आंबाघाट

काका, सलाम. "एका वेळी एकच" हे मी आजपर्यंत इतक्या नेमक्या शब्दांत कुठं वाचलं नव्हतं.

आता दोन फूट. ताई, बफेलोचा बर्फ आकाशातून कमी आणि तळ्यातून जास्त येतो. ईरी तलाव नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे लांबट पसरलाय आणि आपण त्याच्या टोकाला बसलोय. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी अजून कोमट असतं, वरून गार वारा लांबीभर वाहत येतो, वाफ उचलतो आणि आपल्या डोक्यावर ओततो. पट्टा अरुंद असतो. म्हणून एका गावात ऊन आणि पाच मैलांवर कमरेएवढा बर्फ. तलाव उथळ आहे, बऱ्याच वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत गोठतो, मग हा प्रकार बराच कमी होतो.

नोव्हेंबर २०१४. माझा दुसरा हिवाळा. अ‍ॅमहर्स्टच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये आम्ही उन्हात उभे होतो आणि दक्षिणेला एक भिंत दिसत होती. ढग नाही, भिंत. खालपासून वरपर्यंत करडी-पांढरी, कडा सुरीनं कापल्यासारखी. त्या भिंतीत वेस्ट सेनेकाला माझा सहकारी राहायचा. त्यानं घराचं दार आत उघडून फोटो पाठवला. दाराच्या जागी बर्फाचं दुसरं दार उभं होतं, त्यावर पहिल्या दाराच्या नक्षीचा ठसासुद्धा उमटलेला. त्या वादळात काही ठिकाणी सात फुटांपर्यंत बर्फ पडला, थ्रूवेवर लोक दिवसभराहून जास्त वेळ गाड्यांत अडकले. आमच्याकडे पोरं सायकली चालवत होती.

सांगायचं एवढंच की इथं "बफेलोत किती पडणार" हा प्रश्न चुकीचा. पट्टा कुठं बसणार ते बघायचं. राष्ट्रीय हवामान खात्याचं बफेलोचं ऑफिस रडार दाखवतं, झोपताना आणि उठल्यावर बघा. तुम्ही उत्तरेला आहात, पट्टा बहुतेक वेळा साउथटाउन्सवर, म्हणजे दक्षिणेकडच्या गावांवर बसतो. बहुतेक वेळा, नेहमी नव्हे.

नेहमी नव्हे ते डिसेंबर २०२२. २३ तारखेला सकाळी चक्क पाऊस होता. काही तासांत तापमान कोसळलं आणि वारा सुटला. मी तोपर्यंत अनुभवी झालो होतो ना! दूध संपलं होतं, दुकान दोन मैलांवर, म्हटलं वीस मिनिटांत येतो. बायकोनं किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. मी चिडलो, डबे उघडत बसलो, तांदूळ सांडले, त्यावरून वेगळं भांडण. तेवढ्यात समोरचा शेजारी निघाला. त्याची गाडी आमच्या खिडकीतून दिसेल एवढ्यावर अडकली, आणि मग दिसेनाशी झाली. अंतर तीनशे फूट. परत घरी पोचायला त्याला पाऊण तास लागला, कुंपणाच्या तारेला धरून आला. त्या वादळात आपल्या काउंटीत चाळीसहून जास्त माणसं गेली, काही गाडीत, काही अशी पायी निघालेली. रुग्णवाहिका आणि आगीचे बंबसुद्धा अडकले होते.

ड्रायव्हिंग बॅन लागला की दवाखान्यातल्या लोकांना सहसा सूट असते. पण सूट आहे म्हणून रस्ता असतोच असं नाही. सुपरवायझरला "येऊ का नको" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. वादळाचा इशारा आला की आदल्या दिवशी विचारा, "आज रात्री तिथं झोपायची सोय आहे का?" बहुतेक दवाखाने ती करतात, तुमच्या सुपरवायझरनं ती गोष्ट सांगितली नाही एवढंच. लेकीला त्या रात्री ठेवायला एक घर आजच ठरवून टाका, बर्फ पडायला लागल्यावर नाही.

गाडीत फावडं, दोन ब्लँकेट, टॉर्च, चार्जर, पाणी, चिवडा. मांजराची माती (कॅट लिटर) घ्या, ते दाणे चाकाखाली टाकले की चाक धरतं. आणि अडकलात, इंजिन चालू ठेवून बसायचंय, तर आधी उतरून मागचा धुराचा पाइप मोकळा करा आणि थोड्या थोड्या वेळानं पुन्हा करत राहा. पाइप बर्फानं बुजला तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो, त्याला वास नसतो. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे नको.

अवांतर: ३३वरून डाउनटाउनला जायलाच हवं असं आहे का? मेट्रो युनिव्हर्सिटी स्टेशनपासून सुटते, तिथं गाडी लावायची सोय आहे, आणि तो भाग जमिनीखालून जातो. तुमचा दवाखाना मेन स्ट्रीटच्या आसपास असेल तर बारा मैलांचे चार-पाच मैल होतील.

आळशी_अस्वल

आंबाघाट, किल्ली सापडली का शेवटी?

आंबाघाट

सोमवारी. तांदळात नव्हतीच, साबुदाण्यात होती.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल सॉरी. सगळ्यांचे प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलेत.

टायर घातले, चार. नवऱ्यानं फोनवर किंमत ऐकून "एवढ्यात सांगलीला जाऊन आलो असतो" म्हटलं, मग इथं आल्यावर एकदा स्वतः चालवून बघितली आणि काही बोलला नाही.

पार्किंगमध्ये गेलो, रविवारी, तिघंही. पहिल्यांदा ब्रेक मारला तेव्हा पेडल ओरडल्याबरोबर पाय आपोआप वर आला. दुसऱ्यांदाही. चौथ्या वेळी राहिला. लेक मागून ओरडत होती, "अजून घसरव!" पुढच्या दोन दिवसांत आठ इंच पडला, तेव्हा सिग्नलच्या बऱ्याच आधी पाय काढला आणि गाडी लायनीच्या मागं थांबली. माझ्या मागचा माणूस हॉर्न वाजवत होता, इतकी मी हळू होते. वाजव म्हटलं.

मेट्रोचं माहीतच नव्हतं हो! दवाखान्यापासून स्टेशन सात मिनिटं चालत. आता बर्फ असला की युनिव्हर्सिटीला गाडी लावते. खाली उतरल्यावर वर काय चाललंय ते कळतसुद्धा नाही. झोपायच्या सोयीचं विचारलं. आहे म्हणे, यादीत नाव द्यायचं असतं, ते कधीच कुणी सांगितलं नव्हतं. लेकीसाठी वरच्या मजल्यावरच्या तेलुगू काकूंनी "कधीही सोड" म्हटलंय.

छतावरचा बर्फ मात्र एकदा झाडायचा राहिला. उतारावर ब्रेक लावला आणि सगळा ढीग सर्रकन पुढच्या काचेवर. दोन सेकंद काहीच दिसेना. आता स्टुलावर चढून छत आधी झाडते. काका, हातमोजे घालून.

एकच प्रश्न राहिला. गाडी खालून पांढरीफटक झालीये मिठानं, दाराच्या कडेला बोट लावून चाखलं तर खारट लागतंय (हो, चाखलं). गंज लागेल ना? पण या थंडीत धुतली तर दारं गोठतील. मग धुवायची कधी?

आंबाघाट

३५-४० फॅरनहाइटच्या वर जाईल त्या दिवशी दुपारी. खालून फवारा मारणारं वॉश निवडा, नंतर दारांची रबरं कोरड्या फडक्यानं पुसा. त्या दिवशी अख्खं बफेलो तिथंच असतं, तासाभराची रांग असेल. डबा घेऊन जा.